टिंब लावलेलं फोल्डर

"सगळं तिचंच का सापडतं, आप्पा?"

विश्वंभर दारातूनच बोलला. चप्पलही पायातच.

आप्पा गोसावी मठाच्या ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. त्यांचा आवाज बसत चालला होता, म्हणून उद्यापासून प्रवचनाला एका शिष्याला बसवायचं होतं. विश्वंभर जुना. मैना काल-परवाची. दोघंही आप्पांचं बोलणं मठातल्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवत.

त्या मैनेनं, काय सांगू, कॉम्प्युटरवर शोधायचं सॉफ्टवेअर टाकलं. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारं. एक शब्द लिहा, तो ज्या ज्या फाइलीत असेल त्या सगळ्या पुढ्यात हजर. मग काय, येणारा-जाणारा तिलाच विचारी. आणि फाइली निघत त्याही तिच्याच.

"माझ्या फाइली दाबते ती," विश्वंभर म्हणाला.

"दाखव."

दोघं आत गेले. मैना तिथंच होती. विश्वंभरनं आपलं फोल्डर उघडलं. नावाच्या आधी एक टिंब.

"हे कशाला?"



मैनेला हसू आवरेना. "टिंब दिलं की फोल्डर लपतं, आप्पा. सॉफ्टवेअरही तिकडं फिरकत नाही. दादांनी स्वतःच लपवलंय."

"तू माझं उचलू नयेस म्हणून!"

"अहो दादा, माझं मागितलं असतंत तर मीच दिलं असतं की."

"काढ ते," आप्पा म्हणाले.

त्यानं टिंब काढलं. सॉफ्टवेअरनं फोल्डर चाळून घेतलं. भक्ती लिहिलं, तर त्याच्या फाइलींची ही रांग. वैराग्य लिहिलं, तरी त्याच्याच जास्त. मैनेचं हसू गेलं. विश्वंभरची मान ताठ झाली.

"बघा, आप्पा. आता सांगा, उद्या कोण बसणार?"

"मत्सर लिही."

लिहिलं. एकच फाइल आली. मैनेची.

त्यानं पुन्हा लिहिलं. तेवढीच.

"मत्सरावर बोललो, त्या दिवशी आला नव्हतास?"

"आलो होतो. पुढच्याच रांगेत होतो."

"मग?"

तो खाली बघत म्हणाला, "ती काय लिहिते... ते बघत होतो."

आप्पांनी गळ्यातलं उपरणं काढलं, झटकलं आणि विश्वंभरच्या गळ्यात घातलं. मैना बघतच राहिली.

"उद्या मत्सरावर तू बोल. तिनं नुसतं ऐकलंय."