गिधाडाची सावली

माळावर माणसाची पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वर्षातून एकदा हरणं डोंगरापासून नदीपर्यंत मोठी शर्यत लावत. त्याआधी एक छोटी शर्यत व्हायची आणि तिचा पंच म्हणून म्हातारं गिधाड असायचं. ज्याच्यावर त्याची सावली पडेल तोच मोठी शर्यत जिंकणार, अशी समजूत होती. सावली पडलेले परत कधी दिसले नव्हते. नदीपलीकडच्या हिरव्या कुरणात रमले असतील, असं सगळे म्हणत.

त्या वर्षी नावाजलेला काळवीट सावकाश धावून तिसरा आला.

"संपला हा," ससे कुजबुजले.

चिंकारा जीव तोडून धावला आणि पहिला आला. त्याच्या तोंडाला फेस होता, पाय लटपटत होते.

गिधाड काळविटाजवळ उतरलं. त्याचा संथ श्वास ऐकून त्यानं तोंड फिरवलं आणि उडून चिंकाऱ्यावर सावली धरली. सगळ्यांनी जल्लोष केला.

चिंकारा घरी निघाला. सावलीही निघाली. तो थांबला की तीही थांबे.

"आजोबा, मी जिंकणार हे कळलं सगळ्यांना. आता जा की."

"जिंकणाऱ्याचा मला काय उपयोग, बाळा?" वरून गिधाड मायेनं म्हणालं. "मोठी शर्यत होऊ दे. मला घाई नाही."