बोर्डाच्या पोटातलं पाणी

वस्तू बोलायच्या त्या काळी, समुद्राकाठच्या ऋजुताला एका काळजीनं झोप येईना. लेक ओवीच्या सर्फबोर्डाची चीर ओली असतानाच आपण रेझिननं बुजवली की काय? सूचना दोनदा वाचूनही घाई केलीच!

सकाळी तिनं बोर्डाला कान लावला. आत पाणी डुचमळत होतं.

"बरा आहे गं मी," बोर्ड म्हणाला. पण आवाज त्याचा नव्हता, खोल पाण्याचा होता. "ओवीला पाठव ना माझ्यासोबत."

ऋजुतानं पॉलिश पेपरनं घासून चीर पुन्हा उघडली. खारं पाणी भळभळलं. "आता नीट वाळू दे मला," बोर्ड स्वतःच्या आवाजात पुटपुटला.

दारात ओवी उभी होती.

"घाबरलीस का गं?" ऋजुतानं विचारलं.

"नाही. आई, पाण्याला मी केव्हाच 'येते तुझ्याकडे' म्हणून सांगितलंय."