भांडी देणारी बारव

फार फार पूर्वी, कुणाच्या आजोबांच्या आजोबांनाही आठवणार नाही इतक्या पूर्वी, माळावरच्या एका गावाबाहेर एक बारव होती. बारव म्हणजे पायऱ्या उतरून जावं लागतं अशी दगडी विहीर. तिच्या कोनाड्यांत कबुतरं बसत नव्हती. तिचं पाणी उन्हाळ्यात खाली जात नव्हतं की पावसाळ्यात वर येत नव्हतं. ते पाणी कुणी पीत नसे. ती बारव भांडी द्यायची.

हो, भांडी. ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं अमावस्येला ऐन दुपारी, सावली पायाखाली गोळा होते त्या वेळी, वरच्या पायरीवर नारळ ठेवायचा आणि काय हवं ते मोठ्यानं सांगायचं. मग पाठ फिरवून उभं राहायचं. वळून पाहावं तर खालच्या पायरीवर तांब्याची भांडी मांडलेली असत. पाण्यातून आलेली, तरी कोरडी. उन्हात ठेवलेली, तरी हाताला झोंबतील इतकी गार.

कार्य झालं की ती घासूनपुसून तिथेच ठेवायची आणि एकेक करून मोठ्यानं मोजायची. एखादं हरवलं तर तेही मोठ्यानं सांगायचं आणि जमेल तेव्हा त्याच्या जागी दुसरं आणून द्यायचं. भांडं कमी पडलं म्हणून बारव कुणावर रागावल्याचं ऐकिवात नव्हतं. मोजणी मात्र कुणी चुकवायची नाही, असं जुनी माणसं बजावून सांगत. चुकवली तर काय होतं, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण तोवर कुणी चुकवलीच नव्हती.

त्या गावात एक कल्हईवाला होता. भाता मारावा, भांडं तापवावं, नवसागर टाकावा, कथील फिरवून कापसाच्या बोळ्यानं पुसावं, आणि भांडं चांदीसारखं लखलखलं की त्यात वाकून पाहावं. आत आपलं तोंड स्वच्छ दिसलं की कल्हई बसली. हीच त्याची परीक्षा. माणूस कामाला चोख होता, पण त्याला मोठेपणाची भारी हौस. गावानं ‘वा’ म्हटलं की त्याचं पोट भरायचं.

त्याला एकच मुलगी. तिचं लग्न ठरलं. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. यालाच गावजेवण घालायचं होतं. बारवेकडून त्यानं मोठमोठी सतेली, हंडे, पराती मागून आणल्या आणि सारं गाव जेवू घातलं. तूप तर असं वाढलं, की लोकांनी हात आडवे धरले तरी हा वाढतच होता. मांडव उतरला तेव्हा वाण्याचं देणं छातीवर येऊन बसलं.

आता शहाण्यानं काय केलं असतं? वाण्याकडे जाऊन मुदत मागितली असती. पण तसं केलं तर हात आखडलाय हे गावाला कळलं असतं. त्या सुमारास एक व्यापारी गावावरून चालला होता. कल्हईवाल्यानं बारवेची जाड, जुनी भांडी त्याला विकली. त्यांच्या जागी पातळ पत्र्याची भांडी घेतली, त्यांना आपल्या हातानं असं रूप दिलं की पाहणाऱ्याला फरक कळू नये, आणि अमावस्येला ती पायरीवर नेऊन ठेवली.

मोजायची वेळ आली तेव्हा त्याची जीभ उचलेना. खोटं मोजायचं धाडस झालं नाही आणि खरं सांगायची लाज वाटली. न मोजताच तो पायऱ्या चढून वर आला. मागे पाणी एकदाच हललं. वारा तर नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पातेल्याला कल्हई केली आणि सवयीनं आत वाकून पाहिलं. पातेलं लखलखत होतं. आत आभाळ दिसत होतं, झाडाची फांदी दिसत होती. त्याचं तोंड दिसत नव्हतं.

त्याला वाटलं, कथिलात काही भेसळ असेल. त्यानं पुन्हा कल्हई केली. पुन्हा आभाळ आणि फांदी. त्या दिवसापासून तो भांडं गिऱ्हाइकापुढे धरून विचारू लागला, “तुमचं तोंड दिसतं ना? मग झालं तर.” लोकांना वाटलं, काय नम्र माणूस आहे!

आपण काय केलंय हे त्याला आतून कळत होतं. विकलेली भांडी परत घ्यावीत म्हणून तो व्यापाऱ्याचा माग काढत गेला, तर व्यापाऱ्यानं दुप्पट मोल सांगितलं. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की बारवेकडूनच आणखी भांडी मागावीत, ती विकावीत आणि त्या पैशांत पहिली सोडवावीत. ‘घरी पूजा आहे,’ असं सांगून त्यानं भांडी मागितली. वळून पाहिलं तर ती मांडलेली होती. बारवेनं नाही म्हटलं नाही. तिथेच खरं तर त्यानं घाबरायला हवं होतं.

ती भांडी विकली, पण पैसा हातात टिकला नाही. थोडा वाण्याला, थोडा घरात, थोडा दिवाळसणाला जावयापुढे मिरवण्यात गेला.

एका सकाळी बायकोनं विचारलं, “अहो, माझं कुंकू सरळ आहे का हो?”

“का?”

“रोज कळशीतल्या पाण्यात बघून लावते. आज मला मीच दिसत नाही. डोळे गेले वाटतं माझे.”

त्यानं मान वर न करता म्हटलं, “वय झालं आता.” ती बिचारी त्या दिवसापासून चाचपडत कुंकू लावू लागली आणि हा ते रोज बघत राहिला. मला विचाराल तर साऱ्या गोष्टीत त्याचा याहून मोठा गुन्हा नाही.

तिसऱ्यांदा त्यानं थोडंच मागितलं, दोन तपेली आणि वाढायचा एक डाव. माणूस बुडायला लागला की काडीही पकडतो, तशी गत. तीही विकली गेली.

मग मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरला होता. उन्हातून आलेली, तहानलेली. पाणी घ्यायला ती हसत रांजणावर वाकली आणि तशीच थांबली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “रांजणात माझ्या मागची भिंत दिसतेय. मी नाही दिसत.”

कल्हईवाल्याच्या हातातला भाता गळून पडला. तो उठला आणि अनवाणी पळत सुटला. टळटळीत दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बारवेच्या पायऱ्या तो उतरत गेला, जिथवर कुणी जात नसे तिथवर, शेवटच्या पायरीपर्यंत.

पाणी काचेसारखं स्थिर होतं. त्याच्या तळाशी तोंडं होती. एक त्याच्या बायकोचं, कपाळ कोरं. एक मुलीचं. तिच्या कुशीला टेकून एक इवलंसं तोंड होतं, अजून पुरतं न घडलेलं, डोळ्यांच्या जागी नुसत्या रेषा. आणि सगळ्यांच्या पुढे त्याचं स्वतःचं तोंड होतं. त्या तोंडाचे ओठ सारखे हलत होते.

“काय करतोयस तू तिथे?” त्यानं विचारलं.

“मोजतोय,” पाण्यातलं तोंड म्हणालं. आवाज त्याचाच होता, फक्त फार थकलेला. “तू मोजलं नाहीस, म्हणून मला इथे मोजायला बसवलंय. संपतच नाही. तू नवं मागतोस, की मोजणी वाढते.”

“त्या बाळानं काय केलंय? ते तर अजून जन्मलंही नाही!”

“देणं असलेल्या घरात येतंय ना ते?”

कल्हईवाला पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. “सगळं एकदम कुठून देऊ? माझ्याकडे काही नाही रे!”

“एकदम कुणी मागितलं?” तोंड म्हणालं. “बारवेला घाई नाही. तिला विसरही पडत नाही. झेपेल तेवढं आण. दर अमावस्येला ये. किती आणलं आणि किती राहिलं, ते मोठ्यानं मोज. नसेल त्या दिवशी नाही म्हणून सांगायला तरी ये. आणि नवं मागू नकोस.”

“मोठ्यानं? गाव ऐकेल.”

“ऐकू दे की,” ते तोंड म्हणालं आणि पुन्हा मोजायला लागलं.

कल्हईवाला उठला. डोळे पुसले. मग त्या भर दुपारी तो पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. लग्नाची सतेली, हंडे, पराती. खोट्या पूजेची भांडी. दोन तपेली आणि डाव. एकेक नाव दगडांवर आपटून परत येत होतं. सांगून संपलं तेव्हा त्यानं वर पाहिलं. वरच्या पायरीवर त्याची बायको उभी होती. ती त्याच्या मागे धावत आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

ती पायऱ्या उतरून त्याच्याजवळ आली. मग म्हणाली, “एवढंच होय? रात्रंदिवस झुरताय, ते बघून मला वाटलं, तुम्हाला काही दुखणं जडलंय आणि तुम्ही लपवताय. माझे डोळे धड आहेत, हे तरी सांगायचंत.”

घरी येऊन तिनं चिंचोके काढले. आठवड्याला कल्हईचे जेवढे पैसे मिळत तेवढे चिंचोके जमिनीवर मांडले. “हे दाणापाण्याला. हे कथील-नवसागराला, नाहीतर धंदाच बसेल. हे वाण्याला. आणि हे उरले ते बारवेचे.” उरलेली रास मूठभरही नव्हती.

“एवढ्यानं काय होणार?” तो म्हणाला.

“काहीच न दिल्यानं काय झालं ते बघितलंत ना? आधी सर्वांत लहान, तिसऱ्या खेपेचं देणं उरकू. त्या खेपेनंतरच लेकीचं आणि बाळाचं तोंड गेलं. माझ्या माहेरचं तांब्याचं तपेलं आहे, ते पहिल्यांदा जाऊ दे. आपण मडक्यात रांधू. माझं तोंड मागून आलं तरी चालेल. कुंकू तुम्ही लावा मला तोवर.”

पहिल्या अमावस्येला तपेलं गेलं. त्यानं मोठ्यानं मोजलं. माळावरची गुराखी मंडळी थबकली आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. “कल्हईवाल्याच्या घरी मडक्यात रांधतात म्हणे! यंदा मडक्यांना कल्हई लावणार का हो?” असं म्हणत लोक हसले. त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण गंमत अशी, की त्या दिवशी त्याला कित्येक महिन्यांनी अन्न गोड लागलं.

दुसऱ्या अमावस्येला सकाळपासूनच मुलीला कळा सुरू झाल्या. साठवलेल्या पैशांतून घेतलेलं दुसरं तपेलं आणि डाव घेऊन तो बारवेकडे गेला. तिचं ओरडणं वेशीपर्यंत ऐकू येत होतं. “एक तपेलं! एक डाव! तिसऱ्या खेपेचं सारं फिटलं! दुसऱ्या खेपेचं सारं बाकी, पहिल्या खेपेचं सारं बाकी!” त्यानं ओरडून मोजलं. खाली पाण्यातून दोन बुडबुडे वर आले, एक मोठा आणि एक अगदी लहान.

तो घरी पोचला तेव्हा सुईण बाळाला घंगाळाशी धरून धूत होती. नात झाली होती. कल्हईवाल्यानं तिच्याकडे पाहिलंच नाही, आधी तो पाण्यात बघायला वाकला. पाण्यात एक लालबुंद, रडकं, सुरेख तोंड होतं. मग कुठे त्यानं नातीकडे वळून पाहिलं.

मग वर्षं गेली. एका खेपेला हंडा, एका खेपेला परात, कधी नुसतं झाकण. लोक हसून हसून कंटाळले आणि पुढे तर त्याच्या मोजणीवरून अमावस्या ओळखू लागले. एका वर्षी तो तापानं फणफणला आणि घरात दमडी आली नाही. बायको म्हणाली, “या वेळी राहू द्या.” पण तो काठी टेकत गेला आणि वरच्या पायरीवरून म्हणाला, “आज काही नाही. पुढच्या वेळी आणतो.” पाणी हललंसुद्धा नाही. तो परत आला, आणि पुढच्या वेळी घेऊन गेला.

एका सकाळी बायकोनं त्याचा हात बाजूला केला आणि कळशीत बघून स्वतःच कुंकू लावलं. मग त्याच्याकडे बघून हसली. आता त्याचं एकट्याचं तोंड राहिलं होतं.

शेवटचं सतेलं ठेवलं तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. “बाकी काही नाही!” असं तो मोठ्यानं म्हणाला. तो वाट बघत राहिला. पाण्यातून काहीच वर आलं नाही. खिन्न मनानं तो घरी आला आणि सवयीनं कामाला बसला. बायकोनं हौसेनं नवं तांब्याचं तपेलं घेतलं होतं, त्याला त्यानं कल्हई केली आणि आत न बघताच बाजूला ठेवलं. बघायची सवय कधीच सुटली होती.

आजोळी आलेली नात त्या तपेल्यावर वाकली. “आजोबा, तुम्ही दिसताय यात!” ती ओरडली. मग तिचा आवाज बारीक झाला. “पण तुम्ही गप्प आहात, आणि आतले आजोबा काय बोलताहेत?”

त्यानं वाकून पाहिलं. आत त्याचं तोंड होतं. ओठ हलत होते. अजून ते बिचारं मोजतच होतं.

कल्हईवाल्यानं तपेल्याच्या कडेवर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला, “झालं रे सगळं. थांब आता.”

आतले ओठ थांबले.

ती बारव अजून आहे म्हणतात. दुपारच्या वेळी काठावरून जाताना खालून पुटपुटल्यासारखा आवाज येतो. तो त्याचा नाही, त्याचं फिटलं. कुणातरी दुसऱ्याचं तोंड आत मोजत बसलेलं असतं, आणि तो माणूस वर गावात हसतखेळत फिरत असतो.

म्हणून बाळांनो आणि बाळांच्या आईबापांनो, देणं झाकून ठेवलं तर ते घरादाराला गिळतं. चारचौघांत कबूल करून झेपेल तेवढं नेमानं देत गेलं, तर कितीही मोठं देणं एक दिवस फिटतं.