सौदामिनी आणि खात्रीचा शाप

एका राज्यात प्रतापमुकुट नावाचा राजा होता. त्याची कन्या सौदामिनी. घोड्यावर ती वाऱ्यासारखी दौडे, पण तिचे मन रमे ते आचार्यांच्या आश्रमात. खरे काय, भास काय? मी म्हणजे कोण? असे वाद तिथे दिवसभर रंगत. राजा म्हणे, "कन्ये, या प्रश्नांनी राज्य चालत नाही." ती नुसती हसे.

त्याच आश्रमातून धूमकेश नावाचा शिष्य रागाने निघून गेला होता. त्याला उत्तरे हवी होती, आणि आचार्य देत प्रश्न. डोंगरात बसून त्याने काळी विद्या साधली आणि एके सकाळी राज्यावर शाप फेकला, "ज्याची पुरती खात्री नाही, ते कर्म इथे कोणाच्याही हातून न घडो!"

झाले! पाऊस येईलच कशावरून, म्हणून शेतकऱ्याची मूठ उघडेना. औषध लागू पडेलच कशावरून, म्हणून वैद्याचा हात कुपीपाशी थिजला. राजाला सिंहासनावरून उठता येईना. घरोघरच्या चुली विझल्या.

एकट्या सौदामिनीचे पाऊल तेवढे उचलले. खात्रीवाचून चालण्याची तिला सवय होती.

राजाने विचारले, "जिंकून येशील?"

"ठाऊक नाही, महाराज. पण मागे फिरणार नाही, हा माझा शब्द. येते मी."

धूमकेशाच्या डोंगराला तीन दारे होती. पहिल्या दारावर घुबड बसले होते. ते म्हणाले, "तू जागी आहेस की स्वप्नात? सिद्ध कर."

तिने हाताला चिमटा काढला. दुखले, पण स्वप्नातही दुखतेच. ती म्हणाली, "सिद्ध करता येत नाही. पण हे स्वप्न असले, तरी त्यातली माझी प्रजा उपाशी आहे. वाट सोड."

घुबडाने डोळे मिटले. दार उघडले.

दुसऱ्या दारावर साळुंकी होती. तिने शीळ घातली, तशी दारापुढच्या पाण्याच्या कुंडातून दुसरी सौदामिनी वर आली. कपाळावर तोच व्रण, ओठांवर आईची तीच अंगाई. साळुंकी म्हणाली, "दोघींतली खरी कोण?"

जे दुःख सौदामिनीने कोणाला सांगितले नव्हते, तेही त्या दुसरीच्या डोळ्यांत होते. सौदामिनी म्हणाली, "आठवणी हिच्याही आहेत, माझ्याही. पण पित्याला शब्द दिला आहे. तो पाळायला जी पुढे जाईल, तिने सौदामिनी म्हणवून घ्यावे."

दुसरी पाण्याकडे पाहत राहिली. सौदामिनी पुढे गेली.

तिसऱ्या दाराआड धूमकेश होता. त्याच्या शेजारी सोन्याच्या पिंजऱ्यात, कधी खोटे न बोलणारा पोपट होता. शापाचे सारे बळ त्या पिंजऱ्यात कोंडलेले.

पोपट म्हणाला, "सौदामिनी पिंजरा उघडील."

धूमकेश गडगडाटी हसला. "ऐकलेस? सारे आधीच ठरलेले! मग त्यात तुझे काय? तू तर कळसूत्री बाहुली."

सौदामिनीने पोपटाला विचारले, "मी तो का उघडीन, ते दिसते तुला?"

"ते दिसत नाही," पोपट म्हणाला.

"मग तेवढे माझे आहे," ती म्हणाली. "माझी माणसे भुकेली आहेत, म्हणून मी हा उघडते." तिने कडी काढली. पोपट आभाळात गेला आणि शाप विरला.

धूमकेशाची विद्या गेली. तो जमिनीवर बसून पुटपुटला, "आता मी काय करावे?"

"ऊठ, आश्रमात चल," सौदामिनी म्हणाली. "तिथे रोज हेच विचारतात."

ती परतली तेव्हा वेशीवर नगारे झडत होते. राजा अनवाणी सामोरा आला. "उत्तरे मिळाली?"

"पुरते एकही नाही, महाराज."

राजाने आपला मुकुट काढून तिच्या मस्तकी ठेवला आणि तो साऱ्या प्रजेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "लोकहो, पाहून घ्या! ही माझी कन्या आहे!"

उत्तरांवाचूनही सौदामिनीची मान जशी ताठ राहिली, तशी तुम्हां-आम्हां सर्वांची राहो.