मधली हद्द

फोंड्याच्या वेरेंकर मास्तरांनी शाळेच्या फळ्यावर लिहिलं, 'गोव्याचं काय व्हावं, ते गोवेकरांना विचारा.' तेवढ्यावरून पोर्तुगीज अंमलदारांनी त्यांना कोर्टात उभं केलं.

न्यायाधीश हसून म्हणाले, "गोवा ही वसाहत नव्हेच. गोवा म्हणजेच पोर्तुगाल! मग विचारायचं काय?" आणि त्यांनी शिक्षा सुनावली, आठ वर्षं पोर्तुगालला हद्दपारी.

मास्तरांनी दाराशी उभ्या बायकोकडे एकदा पाहिलं. मग ते शांतपणे म्हणाले, "साहेब, गोवा म्हणजेच पोर्तुगाल, तर मला पार करायची ही हद्द मधे आली कुठून?"

न्यायाधीशांनी निकालावर सही करून शिक्का मारला. मास्तरांना बोटीवर चढवलंच. पण गावोगावी लोक तो निकाल एकमेकांना वाचून दाखवू लागले. गोवा वेगळा आहे, हे सरकारनेच सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.