कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील

"विकताना तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं? एवढंच सांगा."

बुवा उंबराच्या पारावर बसून गवार निवडत होते. त्यांनी एक शेंग मोडून पाहिली, किडकी निघाली, बाजूला टाकली.

"चहा घेशील?"

"नको."

"कोराच आहे. दूध संपलंय."

"बुवा, मी चहाला आलेलो नाही."

"ते गाडीच्या आवाजावरनंच कळलं."

कौस्तुभ उभाच होता. त्याच्यामागे जीप उभी होती, आणि तिच्या मागच्या खिडकीला निळ्या फुलांचा पडदा होता.

करवंदीच्या डोंगरावरचा हा मठ लहान आणि वाट अवघड, म्हणून बुवांनी उभ्या आयुष्यात एकच चैन केली होती : ही जुनी जीप. संन्याशाला जीप कशाला, असं खालच्या गावात लोक म्हणत, आणि बाळंतीण अडली की त्याच जीपला निरोप धाडत. पुढे बुवांचे गुडघे गेले. तेव्हा त्यांनी ती कौस्तुभ आणि इराला विकली.

दोघांचं नवं लग्न होतं. नोकऱ्या सोडून जीपमध्येच संसार थाटायचा आणि पाड्यापाड्यांवर मुलांना गोष्टी वाचून दाखवत फिरायचं, असं त्यांचं ठरलं होतं. लोकांनी वेड्यात काढलं. काढू दे, असं दोघं म्हणाली.

जीप घ्यायला आला तेव्हा कौस्तुभ गाडीखाली उताणा शिरला होता. रुमालात लोहचुंबक गुंडाळून त्याने सगळ्या पत्र्यावरून फिरवला होता. गंज झाकायला कुठे लांबी, म्हणजे पुट्टी, भरली असेल, तर तिथे चुंबक धरत नाही. मग त्याने बुवांना फोर-व्हीलवर, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या दांड्यावर, भलंमोठं व्याख्यान दिलं. ज्या माणसाने आयुष्यभर ती जीप डोंगरावर चढवली, त्याला. बुवांनी ते शेवटपर्यंत ऐकलं होतं.

इरा मात्र मागे टेप घेऊन बसली होती. फळी टाकली की दोघांचं अंथरूण मावतं का, एवढंच तिला पाहायचं होतं.

मावलं.

भादव्यात तिला ताप भरला. मुक्काम पठारावर तळ्याकाठी होता, दवाखाना डोंगराखाली. दोघं निघाली, आणि जीप चिखलात रुतली. कौस्तुभने फोर-व्हील टाकलं. मागची चाकं गरगरली. पुढची जागची हलली नाहीत. पुढच्या चाकाच्या आतले दाते झिजले होते. वरून सगळं धडधाकट दिसत होतं.

ट्रॅक्टर आला, तोवर इरा गेली होती.

"होतं की नव्हतं?" कौस्तुभने पुन्हा विचारलं.

"नव्हतं."

"खोटं बोलताय."

बुवांनी सूप बाजूला सारलं.

"होतं म्हटलं, तर झोप लागेल तुला?"

"लागेल."

"मग होतं."

उंबराचं एक फळ पारावर टपकन पडलं.

एवढं एक वाक्य मिळवायला कौस्तुभ डोंगर चढून आला होता. ते मिळालं होतं. त्याचं काय करायचं, ते त्याला कळेना.

"असं नको," तो म्हणाला. "खरं सांगा."

"खरं आधी सांगितलं. ते तुला चाललं नाही."

"मीसुद्धा खालून बघितलं होतं, बुवा. सगळं बघितलं होतं मी."

"बघितलंस. माझ्यासमोरच बघितलंस."

"मग दिसलं कसं नाही?"

बुवांनी हात पुढे केला.

"उठव मला. प्रदक्षिणा राहिलीय."

उंबराभोवती रोज सांजवेळी एक फेरी घालायचा त्यांचा नेम होता. गुडघे गेले तरी नेम सुटला नव्हता. कौस्तुभने त्यांचा दंड धरला. नुसता धरला नाही, आवळला. त्यांच्या हातात हात अडकवून त्याने तो आपल्या बरगड्यांशी घट्ट दाबला, आणि दोघं चालू लागले.

सरळ होतं तोवर ठीक होतं. पार वळला तसे बुवा अडखळले.

"सैल धर."

"पडाल."

"असा धरलास तर नक्की पडेन. अरे, मी झाडाकडून चालतोय, तू बाहेरून. वळताना माझी पावलं थोडी, तुझी जास्त. तू मला तुझ्या चालीनं ओढतोयस."

कौस्तुभ थांबला.

हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्या व्याख्यानात त्यानेच बुवांना सांगितलं होतं : फोर-व्हीलमध्ये पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. चिखलात ठीक, कारण चिखल घसरू देतो. कडक रस्त्यावर मात्र वळताना पुढची चाकं जास्त चालू बघतात, मागची कमी, आणि बांधलेली असल्यामुळे आतले गिअर एकमेकांना खातात.

पुढचे दाते त्याने नवे बसवून घेतले होते. तेव्हापासून फोर-व्हीलचा दांडा त्याने एकदाही काढला नव्हता. डांबरी रस्त्यावर नाही, बाजारात नाही, पेट्रोल पंपावरसुद्धा नाही.

"वर येताना प्रत्येक वळणावर जीप कण्हत होती," बुवा म्हणाले.

"माहीत आहे."

"आतलं सगळं मोडेल."

"माहीत आहे मला."

"मग?"

कौस्तुभने जीपच्या पडद्याकडे पाहिलं.

"अंथरूण आहे अजून मागे?" बुवांनी विचारलं.

"आहे."

"तू कुठं झोपतोस?"

"पुढे. सीटवर."

"निजून?"

"बसून."

बुवांनी मान हलवली. उरलेली फेरी दोघांनी पुरी केली. या वेळी कौस्तुभचा हात सैल होता. बुवा अडखळले नाहीत.

फेरी संपली तसे बुवा पारावर न बसता जीपकडे वळले. बॉनेटवर त्यांनी हात ठेवला. जुनं जनावर ओळखावं, तसा.

"बस. काढ तो दांडा."

कौस्तुभ आत बसला. जीप सुरू केली, क्लच दाबला, दांडा ओढला. दांडा हलेना. त्याने दोन्ही हात लावले, पाय टेकवून ओढला. त्याचे डोळे भरून आले. ते दांड्यामुळे नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

"निघत नाहीये."

"आतल्या दात्यांवर ताण बसलाय. ओढू नकोस."

"मग?"

"थोडी मागं घे."

कौस्तुभने रिव्हर्स टाकला. जीप हातभर मागे सरली. खाली कुठेतरी धप्प असा आवाज झाला, आणि दांडा आपसूक सुटून मागे आला.

जीप एकदम हलकी झाली. मागचा पडदा हलला आणि स्थिर झाला.

इंजिन चालू होतं.

"बुवा..."

"हं."

"पुढं चिखल लागला तर?"

बुवांनी उताराकडे पाहिलं. पहिल्या वळणापर्यंत उन्हाने तापलेला मुरूम दिसत होता.

"लागेल की. आज रस्ता कोरडा आहे."