चकचकीत टोप स्वस्त का होता?

प्राणीसुद्धा घोड्यावर बसायला शिकत होते, त्या काळची गोष्ट. झिपरी मुंगशी कासवशेठच्या दुकानात डोक्याला टोप घ्यायला गेली. एक टोप अगदी साधा होता. दुसरा चकचकीत, तरी निम्म्या किमतीचा.

झिपरीला राहवेना. तिने चकचकीत टोपालाच विचारलं, "का रे, एवढा देखणा असून तू स्वस्त कसा?"

टोप हळूच म्हणाला, "एकदा स्वारासकट घोड्यावरून पडलोय, बाई. त्याचं डोकं वाचलं, पण मी आतून तडकलो. वरून नुसता रंग दिलाय."

"हे सांगितलंस तर तुला घेणार कोण?"

"नका घेऊ. एक डोकं वाचवलंय. दुसऱ्याचा घात माझ्याकडून नको."

झिपरीने साधा टोप घालून मान गदागदा हलवली. तो जागचा हलला नाही. मग तिने कासवशेठकडे वळून पाहिलं.

शेठनी मान केव्हाच आत ओढून घेतली होती.